उजव्या वळणावरचा आवाज

आदरणीय साडूभाऊ,

नमस्कार. तुमच्या गुडघ्याची चौकशी आधीच करून घेतो, कारण पुढे गाडीचा विषय निघाला की गुडघा राहून जाईल. ताईंनी परवा फोनवर तुमच्या मेव्हणीला सांगितलं म्हणे, की आता तुम्ही जिना एका दमात चढता. ती मला हे सांगत असतानाच दूध उतू गेलं, त्यामुळे चढता की उतरता ते नीटसं कळलं नाही. दोन्ही जमत असेल तर उत्तमच. ताईंची पाठ कशी आहे तेही कळवा. आमच्याकडे माणसं ठणठणीत आहेत, आजारी होती ती गाडी. (फोनच केला असता, पण या दोघी बहिणींच्या घरात फोनवर बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळीकडे होतं. शिवाय हल्ली फोनवर जो तो तोंडात गुळणी धरल्यासारखा बोलतो. त्यापेक्षा पत्र बरं.)

मूळ अडचण अशी. दर गुरुवारी मी तुमच्या मेव्हणीला घेऊन आपल्या सासूबाईंकडे जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकवीस किलोमीटर. बस दोनदा बदलावी लागते आणि हिच्या कमरेला ते झेपत नाही. आम्ही साडेदहाला पोचतो हे माहीत असूनही सासूबाई नऊपासून खिडकीशी खुर्ची ओढून बसलेल्या असतात. तर गेले दोन गुरुवार त्या नुसत्याच बसल्या. कारण हिने जाहीर केलं, की पुढच्या चाकाचा आवाज बंद झाल्याशिवाय मी या गाडीत पाऊल ठेवणार नाही. मी एकट्याने जावं तर मुलगी रुसून घरी बसली असंच त्या धरून चालणार. साडूभाऊ, त्या शहाऐंशीच्या आहेत. या वयातल्या माणसाचे गुरुवार वाया घालवू नयेत असं माझं मत आहे, आणि जावई म्हणून तुमचंही असेल.

आता आवाजाचं. महिन्यापूर्वी पोस्टाच्या चौकात मी उजवीकडे वळलो तेव्हा ही म्हणाली, आवाज येतोय. मी म्हटलं, हो. (अडतीस वर्षांच्या संसारात ‘हो’ हे उत्तर मला कधी महागात पडलेलं नाही, हे पहिल्यांदाच.) तिने विचारलं, कसला असेल? मी म्हटलं, बारीकसाच आहे, काही नाही. त्यावर तिने माझ्याकडे जे बघितलं! बारीक? अहो, टपरीवर कोणी पत्रा बडवावा तसा येतोय! एकदा बारीक म्हणून बसल्यावर माघार कशी घेणार. मी म्हटलं, सुरुवातीला बारीकच होता. तुम्हाला माहीतच आहे, मी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. मागचं झाकण न उघडता, नुसतं कानाला लावून कुठलं चाक अडतंय ते सांगायचो, म्हणून लोक लांबून यायचे. असल्या माणसाला बायकोने आवाज ऐकायला शिकवावं, हे जरा मनाला लागलं.

म्हणून मी रीतसर तपास सुरू केला. एक वही केली. वळण उजवं की डावं, गाडी चालू की उभी, स्टिअरिंग अर्धं की पुरतं, ब्रेक दाबलेला की नाही, असे रकाने आखले आणि साक्षी घ्यायला लागलो. ही म्हणाली कट-कट-कट, आणि वेग वाढला की कटकटही वाढते. (हा शेरा गाडीवरच होता असं मी धरून चाललोय.) वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना एक चक्कर मारून आणलं, तर त्यांचं निदान, की झोपेत कोणी करकरा दात खातंय. त्यांनी उपायही तोच सुचवला, काढून टाका. मग मी एकेक संशयित बाहेर काढला. दाराच्या कप्प्यात हिच्या गोळ्यांची डबी होती, ती काढली आणि घरी येऊन जाहीर केलं, आवाज गेला. दुसऱ्या दिवशी ही म्हणाली, आहे. डिकीतला जॅक चिंध्यांत गुंडाळून ठेवला, जाहीर केलं, गेला. ही म्हणाली, आहे. चाकावरची प्लॅस्टिकची झाकणं काढली (गाडी बोडकी दिसायला लागली, पण निदानासाठी काही सोसावं लागतं), पुन्हा जाहीर केलं. तिसऱ्यांदाही ती ‘आहे’ म्हणाली तेव्हा मी तिला चक्क संशयी म्हणालो. ते म्हणायला नको होतं. त्या दिवशी जेवताना आमच्यात फक्त मीठ इकडून तिकडे गेलं.

शेवटचा प्रयोग शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर. स्टिअरिंग उजवीकडे शेवटपर्यंत फिरवायचं आणि हळूहळू गोल गोल जायचं, म्हणजे आवाज अगदी स्वच्छ येतो, असं मी कुठंतरी वाचलं होतं. हिला मागे बसवलं, काच खाली, मान बाहेर. पाच फेऱ्यांचं ठरलं होतं. तिसऱ्या फेरीला ही काहीतरी बोलली, मला वाटलं मोजतेय. पाचव्याला पुन्हा बोलली. मैदानाचा रखवालदार दोन्ही हात हलवायला लागला, मीही त्याला हात केला. नवव्या फेरीला हिने मागून माझी कॉलर धरली, तेव्हा कळलं की ती तिसऱ्या फेरीपासून “थांबवा” म्हणून ओरडत होती. उतरून ती पंधरा मिनिटं गोलपोस्टला धरून उभी होती. तिथेच तिने ती प्रतिज्ञा केली. तिची चूक आहे असं मी म्हणणार नाही.

मग गॅरेज गाठलं. तिथला मेकॅनिक आडदांड पण सज्जन माणूस. माझी वही त्याने उभ्या उभ्या शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि म्हणाला, काका, गिऱ्हाईक असं पाहिजे, नाहीतर लोक येतात आणि ‘काहीतरी वाजतंय’ म्हणून किल्ली फेकून जातात. मला जरा बरं वाटलं. मग तो म्हणाला, चला, एक चक्कर मारू. तो चालवायला, मी शेजारी. गल्लीच्या टोकाला त्याने विचारलं, हा, ऐकला? मी म्हटलं, एकदम स्पष्ट. तो म्हणाला, काका, अजून वळलोच नाही. (मी म्हटलं, चाहूल लागते. त्याने नुसता गिअर बदलला. सज्जन आहे हे वर लिहिलंच आहे.) गाडी वर उचलली तेव्हा निदान निघालं. चाकाला इंजिनाची ताकद पोचवणारा जो दांडा असतो, त्याच्या टोकाला एक सांधा असतो, आणि त्या सांध्यावर रबराचा एक मोजा चढवलेला असतो. तो मोजा फाटला होता. आतलं ग्रीस सगळं चाकाच्या आतल्या बाजूला उडून काळंकुट्ट झालेलं, सांधा कोरडा ठणठणीत. आणि गंमत म्हणजे दांडा डाव्या चाकाचा. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर येतो, म्हणून वाजायचं तेही डावं. तुमची मेव्हणी महिनाभर उजव्या चाकाकडे बोट दाखवत होती, हा एवढा एकच मुद्दा माझ्या बाजूने लागला आणि मी तो घरी तीनदा सांगितला.

मेकॅनिकने आख्खा दांडाच बदलला. बदलताना म्हणाला, काका, हा चार-सहा महिने तरी वाजत असणार, आणखी थोडे दिवस गेले असते तर भर रस्त्यात निखळला असता. तुम्ही रोज चालवता ना? मी म्हटलं, हो, चालवतो ना. मग मी तिथे भिंतीवर लावलेले पाने बघत बसलो.

तर गाडी आता बरी आहे. ताईंना नमस्कार सांगा, पण हे पत्र दाखवू नका. तुमच्या गुडघ्याला आराम पडो आणि जिना दोन्ही दिशांनी जमो.

तुमचा,
नात्याने धाकटा, हट्टाने थोरला साडू

ता. क. : येत्या मंगळवारी किंवा बुधवारी तुम्ही सहज म्हणून इकडे यावं. माझ्याबरोबर एक चक्कर मारावी, उजवीकडे आठ-दहा वळणं घ्यावीत, आणि आवाज गेला की नाही ते हिला तुम्ही सांगावं. माझ्या ‘गेला’वर तिचा विश्वास उरलेला नाही. मेकॅनिकने सांगितलं तर म्हणते, तो असंच सांगणार. दातांचे डॉक्टर गावाला गेलेत. तुम्ही हो म्हणालात तर ती गुरुवारी गाडीत बसेल.

आ. ता. क. : तुम्ही विचाराल, बाबा रे, हे तूच का नाही सांगत. तर आता लिहून टाकतो. तो आवाज मी एकदाही ऐकलेला नाही. कट-कट हिच्याकडून घेतलं, दात खाणं डॉक्टरांकडून. त्यामुळे तो गेलाय की आहे, हे मला कसं कळणार? तुमच्या कानामागच्या त्या यंत्रावर मी लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत म्हणालो होतो, की साडूभाऊ, आज कुठलं स्टेशन लागलंय? लोक हसले, तुम्हीही हसलात. चुकलो. माफ करा. येताना त्या कानाच्या डॉक्टरांचा पत्ता आणा. हिला सांगू, गाडीच्याच कामाला चाललोय.

शेवटचं : नुसती गाडीची गोष्ट असती तर मी आणखी दोन वर्षं रेटून नेलं असतं. पण निघताना सासूबाई दर गुरुवारी माझा हात हातात घेऊन, मला खाली वाकवून, कानाशी काहीतरी सांगतात. हिलाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू. मी मान डोलावतो आणि ‘हो, करतो’ म्हणतो. त्यांना बरं वाटतं. साडूभाऊ, दोन वर्षं मी त्यांना काहीतरी करायचं कबूल करतोय आणि काय ते मला माहीत नाही. बुधवारपर्यंत या.