मुख्य घटक : लाखोरी

माय,

आज तुझ्यावर रागच काढायचा आहे, म्हणून कागद घेतला. समोर दुसराही एक कागद आहे. घरच्या स्वयंपाकघरातून खायचं विकायला आता परवाना लागतो, त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज. उद्या तो ऑनलाइनवाल्या बाईकडे न्यायचा आहे. खिडकीला जाळी आहे का, पाणी कुठलं, तुम्हाला काही आजार तर नाही ना, सगळं भरून झालं. 'मुख्य घटक' या रकान्यापाशी मात्र तासभर अडून बसले आहे, आणि त्याला कारण तू.

तुझं स्वयंपाकघर तरी केवढं होतं गं! लाखनीत मोठ्या रस्त्याकडे पाठ करून उभं असलेलं आपलं घर, मागच्या दाराशी चूल, दाराबाहेर दोन खाटा. बाबा गेल्यावर आपण दोघी त्या एका कढईवर जगलो. ट्रक थांबतो, ड्रायव्हर खाटेवर बसतो, आणि तू लाखोरीच्या डाळीचे गरम वडे पळसाच्या पानावर त्याच्यासमोर ठेवतेस. धान निघाल्यावर त्याच बांधीत मागाहून येणारी ही डाळ आपल्याकडे कोणाच्या घरात नव्हती? गावातली काही माणसं आपल्या घरचं पाणी पीत नसत, बौद्धाचं घर ना! पण तीच माणसं ड्रायव्हरच्या हाती आपले वडे मागवायची. असा त्यांचा नियम. तुझेही नियम होते, आणि ते सरकारी नियमांपेक्षा कडक. डाळ भिजवायची, पाणी फेकायचं, पुन्हा कढत पाण्यात घालायची, तेही पाणी फेकायचं. हात धुतल्याशिवाय पान द्यायचं नाही, मग समोर केवढाही मिशाळ ड्रायव्हर असो. आणि पहिला वडा मी खायचा. "आपल्या पोरीले देता येत नाही ते दुसऱ्याले काहून देऊ?" असं म्हणायचीस.

मी नववीत होते तेव्हाची गोष्ट, सत्तरचं दशक संपत आलं होतं. शाळेतून आले तर खाटेवर अन्न तपासणीचा साहेब बसलेला, हातात वही, पुढ्यात अर्धा खाल्लेला वडा. माणूस वाईट नव्हता. तुला समजावतच होता, "बाई, लाखोरी विकायला बंदी आहे. ही खाऊन पाय लुळे पडतात. कोणती डाळ आहे ही?" तू झारा कढईच्या काठावर ठेवलास. तू बोलायच्या आत मी पुढे होऊन म्हणाले, "साहेब, चण्याची आहे." साहेबाने माझ्याकडे पाहिलं, वड्याकडे पाहिलं आणि वही मिटली. "चण्याची ना? मग झालं." सुटलो होतो गं आपण! त्या रस्त्यावरचा प्रत्येक हॉटेलवाला लाखोरी घालून चण्याचंच नाव सांगायचा, आणि साहेबालाही ते ठाऊक होतं.

आणि तू काय केलंस? साहेबादेखत मला थप्पड मारलीस.

"खोटं बोलून राहिली ते, साहेब. लाखोरीच हाय. मी खातो, माही पोरगी खाते. पाय पाहा माहे, सानगडीले माहेरी पायी जातो मी. ज्याले मजुरीत निस्ती लाखोरीच भेटली, दुसरं काहीच नाही भेटलं, त्याचे पाय गेले. त्याची चौकशी केली का कोणी? डाळीले काहून धरता?"

साहेबाने वही पुन्हा उघडली. तपासणीचा नमुना म्हणून वडे बाटल्यांत भरले, बाटल्यांवर लाख लावून शिक्के मारले. मग भंडाऱ्याच्या कोर्टात तुझे हेलपाटे सुरू झाले, चूल विझली, तू धानाच्या रोवण्याला जायला लागलीस आणि मीही तुझ्यामागे चिखलात. माझी शाळा सुटली ती तिथेच. एक शब्द गिळला असतास तर मी मॅट्रिक झाले असते, माय. हे मी तेव्हाही तोंडावर म्हणाले होते, आजही म्हणते. तुझा खरेपणा तुझ्यापाशी, त्याची भरपाई माझ्याकडून का?

शेवटी 'लाखोरीचे वडे विकणार नाही' असं लिहून देऊन सुटलीस. आठ दिवसांत चूल पेटली! वड्याच्या भावात चटणी विकायला बसलीस, आणि चटणी घेणाऱ्याला वडे फुकट. साहेब पुन्हा आला, हसू दाबत म्हणाला, "बाई, ही पळवाट झाली." तू चटणीची वाटी त्याच्यापुढे सरकवलीस. "पळून कुठं राहिलो मी, साहेब? इथंच तर बसलो हाओ. चटनीवर बंदी हाय का?" साहेबाने हात धुतले आणि पान मागितलं. मी दारामागे तोंडात पदर कोंबून हसत होते. त्या दिवशी तुझ्यावरचा राग अर्धा तरी उतरला असेल, पण तुला तसं सांगितलं नाही.

आता मागच्या दाराशी फरशी आहे, गॅस आहे, माझ्या डोक्यावर टोपी आहे. लाखोरीची बंदी आहे की उठली, दोन ठिकाणी विचारलं, दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या. दोन पाणी मी अजून फेकते. पहिला वडा स्वतः खाते. गिऱ्हाईक हळूच विचारतं, "ताई, लाखोरीचेच ना?" मी नुसती मान हलवते. आणि परवान्यावर आजवर तीन वेळा मी बिनदिक्कत 'चणा डाळ' लिहिलं आहे. हो, लिहिलं! मला चूल विझू द्यायची नव्हती. तू असतीस आणि डोळे वटारले असतेस, तरी मी हेच सांगितलं असतं.

पण आज हात तो थपडेचा गाल चोळत बसला. मग त्या रकान्यात 'लाखोरी' लिहिलं, चांगलं ठसठशीत. कोणी विचारलं तर तुझंच उत्तर देईन, पाय दाखवून.

हे पत्र कुठे पोचायचं नाही, म्हणून तुला खरं सांगून टाकते. रकान्यातलं 'लाखोरी' पेन्सिलने लिहिलं आहे, माय.