दुसऱ्याचं रडणं

सोमवार, ३
देवाच्या कृपेने काम लागलं. डॉक्टरसाहेबांची दृष्टी गेली आहे म्हणे. त्यांना रोज दुपारी पुस्तकं वाचून दाखवायची. गावच्या शाळेत मास्तर धडा वाचायला मलाच उभं करायचे, ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर कामी आलं. बायको बसपाशी म्हणाली, घरात तुमचं कोणी ऐकत नाही, तिथे निदान पैसे देऊन ऐकतील! दर रविवारी घरी यायचं तिला कबूल केलंय. खोली हवेशीर आहे. वाचायच्या खुर्चीचे हात मात्र कोणाच्या तरी बोटांनी पार झिजलेत.

बुधवार, ५
डॉक्टरांना फक्त उदास कथांचे संग्रह लागतात. काही विनोदी वाचू का विचारलं, तर हसून म्हणाले, दुसऱ्याचं रडणं ऐकलं की आपल्याला झोप छान लागते. खोटं नाही. आजच्या कथेत स्टेशनवर कोणाची तरी वाट पाहणारी मुलगी होती. वाचताना आत काहीतरी गोड तुटलं. पुस्तक मिटवेना.

रविवार, ९
घरी गेलो नाही. संग्रहातल्या दोनच कथा उरल्या होत्या. बायको फोनवर म्हणाली, पुस्तकं वाचताय की सवत आणलीत? मला हसू यायला हवं होतं. जेवताना डॉक्टर आणि त्यांची सून खदाखदा हसत होते. माझा घास तोंडातच फिरत राहिला.

शुक्रवार, १४
लेकीला मुलगा झाला. मला नातू! देवापुढे बसून हात जोडले. आनंद शोधला, सापडला नाही. प्रार्थनासुद्धा त्या कथांच्याच सुरात आली. मग नवा संग्रह उघडला, तेव्हा कुठे बरं वाटलं.

सोमवार, १७
डॉक्टर गॅलरीत पेपर वाचत होते. चष्म्याशिवाय. सूनबाईंना विचारलं. भाजी निवडता निवडता त्या सहज म्हणाल्या, रडणं स्वतः वाचलं की अंगाला चिकटतं हो, म्हणून माणूस ठेवतो. माझ्याआधी जे वाचायचे ते कुठे गेले, विचारलं. म्हणाल्या, कुठे जातील — खुर्चीतच —

मंगळवार, १८
पिशवी भरली. दार सताड उघडं. कोणी अडवलं नाही. फाटकापर्यंत गेलो — ती मुलगी अजून स्टेशनवरच असेल — एकदाच, शेवटचं वाचू म्हणून —
परत आलो.

रविवार
बायको न्यायला आली आहे. नातवाचा फोटो पुढे धरलाय. ओढतेय मला. डाव्या हाताची बोटं खुर्चीवरून सुटत नाहीत. देवा, उठव रे —
ती रडायला लागली.
किती सुरेख रडते — मी म्हटलं, थांबू नकोस, अजून थोडं — पुढे —