उलट्या आट्यांचे नाणे

मी, खाली सही करणारी, बाजारात 'लेथवाली' म्हणून ओळखली जाणारी, अविवाहित, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने आणि डोके ठिकाणावर असताना करून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे गेले आहेत, हेही त्यांनी दाखल्यात लिहिले. मृत्युपत्र गुडघ्यांनी करायचे नसते, तेव्हा ती ओळ कोणी मनावर घेऊ नये.

माझे आधीचे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात सगळे काही भाच्याला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मुलाला दिले होते. ते का बदलले हे लिहायची गरज नाही, असे वकिलांचे म्हणणे पडले. "तुमची स्वकष्टाची मिळकत आहे. रस्त्यावरच्या माणसालाही देऊ शकता." मी म्हटले, "रस्त्यावरच्या माणसाला देत नाहीये, म्हणूनच लिहायचंय."

कलम १. घर. खाली कारखाना आणि वर दोन खोल्या, असे हे घर मी लेथवर उभे राहून घेतले. यात वडिलोपार्जित काही नाही. वरच्या खोल्यांत थोरली वहिनी आणि भाचा राहतात. थोरला गेल्यावर मीच त्यांना बोलावून घेतले आणि त्याचा मला पस्तावा नाही. वरच्या दोन्ही खोल्या भाच्याला द्याव्यात, मात्र वहिनी हयात असेपर्यंत तिला तिथून कोणी हलवू नये, भाच्यानेही नाही. खालचा कारखाना, मागची मोरी आणि अंगण मी सदर मुलीला देते. तिचा पत्ता वकिलांकडे लिहून ठेवला आहे. ती चष्म्याच्या दुकानात भिंगे घासते.

सदर मुलगी कोण, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आम्ही तिघे भावंडे. थोरला, मी आणि धाकटा. धाकटा डावखुरा होता आणि लहानपणापासून त्याच्या बोटांत नाणे खेळत असायचे. पुढे तो जादूचे प्रयोग करू लागला. वडिलांकडे दोन जुनी चांदीची नाणी होती, अगदी जोडीची. मुलगे दोन, नाणी दोन, म्हणून एकेक वाटणीला येणार असे सगळ्यांनी धरून ठेवले होते. माझा हिशेब कोणी धरला नव्हता, पण मला लेथ शिकवला होता, त्यामुळे माझी तक्रार नाही. एके दिवशी वडिलांनी दोन्ही नाणी माझ्या लेथवर आणून ठेवली आणि म्हणाले, "धाकट्याला खेळाचं नाणं करून दे. आतून पोकळ, वरून कळता कामा नये." मी एका नाण्याची वाटी केली आणि दुसऱ्याचे झाकण. दोन्हीला आटे पाडले. धाकटा डाव्या अंगठ्याने फिरवणार, म्हणून आटे उलटे पाडले. नेहमीच्या बाजूने फिरवले तर झाकण आणखी घट्ट बसते.

थोरल्याने ते पाहिले तेव्हा घरात जे झाले ते लिहीत नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की त्यातले एक नाणे त्याचे होते. ते चूकही नव्हते. बोलाचाली वाढली, वडील मध्ये पडले नाहीत, आणि धाकटा नाणे खिशात घालून निघून गेला. तो परत आला नाही. मी त्याची वाट पाहिली. पुष्कळ पाहिली.

कलम २. डबी. त्या वेळी लेथखाली पडलेला चांदीचा कीस मी झाडून डबीत ठेवला होता. ती डबी भाच्याला द्यावी. त्याच्या वडिलांच्या वाट्याचे एवढेच उरले आहे. चांदी सोळा आणे खरी आहे, कोणाला दाखवत बसू नये.

कलम ३. तराजू आणि भिंग. या दोन्ही वस्तू वहिनीला द्याव्यात. कारण पुढीलप्रमाणे.

गेल्या हिवाळ्यात सदर मुलगी कारखान्यात आली. रुमालातून तिने एक नाणे काढले. म्हणाली, "मॅडम, याचं झाकण फिरताना अडखळतं. दुरुस्त होईल का? आणि बाबा म्हणायचे, हे खरं की खोटं ते लेथवालीलाच विचार."

मी विचारले, "बाबा कुठायत?"

"गेले. दोन महिने झाले."

मी लेथ बंद केला. वहिनी तेव्हा चहा घेऊन जिन्यात उभी होती, तिने 'बाबा' हा शब्द बरोबर ऐकला. मुलीला मी विचारले, मग तो इतके दिवस आला का नाही. ती म्हणाली, "ते म्हणायचे, दादा रागावलाय." थोरल्याला जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. धाकट्याला ते कळवायला आमच्याकडे पत्ता नव्हता. तो मेलेल्या माणसाच्या रागाला भिऊन राहिला, याचे मला अजून वाईट वाटते.

मी नाणे ठेवून घेतले आणि तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. सकाळी पाहते तो नाणे जागेवर नाही. वहिनी ते सराफाकडे घेऊन गेली होती. दुपारी मुलगी आली, पाठोपाठ वहिनी आली आणि तिने नाणे माझ्यासमोर आपटले.

"वन्सं, सराफाने सांगितलं. वजनात मार खातं. बोटावर तोलून वाजवलं तर खणखणत नाही, थप्प करतं. काठाच्या आत केसासारखा सांधा आहे. उघडायला गेला तर उघडेना. म्हणाला, हे जादूवाल्याचं खेळणं आहे, धड नाणं नव्हेच. आता बोला! नाणं खोटं, तशी ही पण खोटी. घरावर डोळा ठेवून आलीये."

"मी काही मागायला आले नव्हते," मुलगी म्हणाली.

सराफाचे एकूण एक म्हणणे बरोबर होते. पण वहिनी, अगं, जादूवाल्याच्या मुलीजवळ जादूवाल्याचे खेळणे नाही तर काय निघणार? तिने अस्सल, खणखणीत नाणे आणले असते तर मला संशय आला असता. तसले कोणत्याही दुकानात विकत मिळते.

मी वहिनीला भिंग दिले आणि दाखवले. बाजारात फिरलेले नाणे तोंडावर झिजते, छाप पुसट होतो. याचा छाप ठसठशीत आहे, पण काठाच्या खाचा दोन जागी गुळगुळीत झाल्या आहेत, समोरासमोर. हे नाणे वर्षानुवर्षे कोणीतरी तळहातात चिमटून लपवले आहे. आणि तो सांधा माझा आहे. माझ्या हातचा सांधा मला भिंगाशिवायही कळतो.

वहिनी म्हणाली, "असेल त्याचं. हिने चोरलं नसेल कशावरून?"

हा प्रश्न रास्त होता. उत्तर मुलीनेच दिले, तिला नकळत. वहिनीला ती सांगू लागली की ती कुठे राहते, काय काम करते, आणि बोलता बोलता तिने नाणे उचलून उघडले. खाली पाहिले नाही. डाव्या अंगठ्याने, उलटे. चहाचा कप मात्र तिने आदल्या दिवशी उजव्या हातात धरला होता, आणि पत्ता लिहून दिला तोही उजव्या हाताने. उजवी मुलगी ही एकच गोष्ट डाव्या हाताने करते. डावखुऱ्या माणसाच्या मांडीवर बसून शिकल्याशिवाय हे येत नाही.

नाण्यात काय होते, असे वहिनीने वाकून पाहिले. काही नव्हते.

भाच्याचे मत पडले की रक्ताची तपासणी करून घ्यावी, म्हणजे मिटेल. तो वाईट मुलगा नाही, पण त्याला सगळे मिटवायची घाई असते. मी नाही म्हटले. तिची आई कोण, लग्न झाले होते का, हे मी विचारलेले नाही आणि विचारणार नाही. मुलगी जायला निघाली तेव्हा वहिनी तिला म्हणाली, "आणि यांना आत्याबित्या म्हणायचं नाही." तेव्हापासून ती दर रविवारी येते, माझ्या गुडघ्यांना तेल लावून देते, आणि मला 'मॅडम' म्हणते.

कलम ४. ठेवी. बँकेतील ठेवी भाच्याला द्याव्यात. वहिनी, तुझे लेकरू मी उघड्यावर टाकलेले नाही. मात्र सदर मुलीची तपासणी मागणारा अर्ज कोणी कोठेही केला, तर अर्ज करणाऱ्याला ठेवींऐवजी लेथखालच्या भंगाराचे पिंप मिळेल.

कलम ५. लेथ. लेथ सदर मुलीला द्यावा. भिंगे घासणारा हात आहे, शिकेल. आटे पाडायला मी शिकवते आहेच.

कलम ६. कानशी. शेजारच्या किल्लीवाल्याचा माझ्या बारीक कानशींवर फार दिवस डोळा होता. मृत्युपत्रातून काही मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील म्हणाले. म्हणून कानशी त्याला कालच देऊन टाकल्या. आता तो सही करायला मोकळा आहे.

कलम ७. नाणे. ते दुरुस्त करून मी परत दिले आहे. ते माझे नसल्याने त्याबद्दल काही लिहीत नाही. खरे की खोटे, या प्रश्नाचे उत्तर मात्र द्यायचे राहिले होते. चांदी खरी, छाप खरा, काम माझे. धाकट्याचे नाणे आहे.

कलम ८. हा मसुदा करताना वकिलांनी विचारले होते, "नात्याच्या जागी काय लिहू?" मी म्हटले, "तूर्त 'सदर मुलगी' लिहा, विचार करते." तो विचार झाला. या मृत्युपत्रात जेथे जेथे 'सदर मुलगी' असे आले आहे, तेथे तेथे 'माझी भाची' असे वाचावे.

बाकी सर्व कलमे माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. कलम ८ आजपासून लागू आहे. तिने येत्या रविवारी मला 'मॅडम' म्हणू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मी तो ऐकला, दोन ठिकाणी सुधारला आणि साक्षीदारांच्या देखत सही केली.

सही : लेथवाली

साक्षीदार १ : डॉक्टर. (गुडघ्यांबद्दलचे मत कायम.)
साक्षीदार २ : किल्लीवाला. (कानशी मिळाल्या.)

स्थळ : याच घरातील खालची खोली, लेथशेजारी.
दिनांक : वकिलांच्या शिक्क्यात आहे तो. वार शनिवार.