गवतवाल्याच्या घरातलं धुराडं

आई,

आज मी मालकिणीला न विचारता बंगल्यातली फायरप्लेस विटांनी बुजवून टाकली. गवंडी आत्ताच गेला. सिमेंट अजून ओलं आहे आणि मी समोर बसून तुला लिहितेय, कारण दुसरं कुणाला सांगायचं?

तुझ्यानंतर बंगल्याची देखभाल माझ्याकडे आली. हल्ली तो लग्नाआधीच्या फोटोंसाठी भाड्याने देतात. चिखलोलीच्या टॉवरांतली पोरं येतात, रंगीत काचांपाशी उभी राहतात. परवा मालकिणीचा फोन आला, "काकी, रविवारच्या पार्टीला फायरप्लेस पेटवून हवीये. फक्त दोन लाकडं, फोटोपुरती." मी म्हटलं, ती नुसती दिखाऊ आहे. तर हसली. "अहो, कौलांवर चिमणी दिसते की! तुम्ही टेन्शन घेऊ नका." तसं म्हटल्याने टेन्शन जात असतं, तर माझे केस असे पांढरे झाले नसते.

लहानपणी दिवाळीत मी त्या फायरप्लेसमध्ये पणती ठेवली होती. तू अंगण ओलांडून धावत आलीस आणि पिठाच्या हातानेच पाठीत धपाटा घातलास. "गवतवाल्याचं घर हाय ह्ये, पोरी! आत इस्तव नाय न्यायचा!" माझं रडं थांबल्यावर सगळं सांगितलंस. राणीच्या काळात मुंबईच्या घोड्यांना इथून गवत पुरवून शेठ मोठा झाला. साहेबासारखा बंगला बांधला, साहेबाकडे फायरप्लेस म्हणून यालाही हवी. बदलापूरच्या उकाड्यात! पण गवताच्या गंजी पेटताना पाहिलेला माणूस तो, त्याचा जीव धजेना. भिंतीतलं धुराडं त्याने माळ्यावर सागवानी वाशांखालीच संपवलं आणि कौलांवर एक शोभेचं उभं केलं. स्वयंपाकघरसुद्धा त्याच धास्तीने अंगणापलीकडे. अजून डोळ्यांपुढे येतं, भर पावसात तू ताटांवर इरलं धरून येतेस, स्वतः भिजतेस, आणि वाढताना तुझ्या पदरातून पाणी टपकतंय. त्या शेठचा मला तेव्हा फार राग यायचा.

आता मीच त्याच्यासारखी घाबरलेय. उद्या मालकीण येईल आणि बघेल. मला काढून टाकलं तर मागची खोलीही जाईल, या वयात मी कुठे जाऊ? माळा पेटला असता, असं मी म्हणेन. ती म्हणेल, दाखवा.

हे पत्र तुला कुठे धाडणार म्हणा. म्हणूनच लिहिते. माळ्यावर मी कधी चढलेले नाही. तूही नसशील, तुला शेठच्या घरातल्या जुन्या बाईंनी सांगितलं होतं आणि मला तू. वीट लावण्याआधी गवंडी म्हणाला, "मावशी, शिडी आहे माझ्याकडं. वर जाऊन बघू का एकदा?"

मी नको म्हटलं. तू सांगितलेलं खोटं निघालं असतं तर, आई?