उंबऱ्यावरच्या पांढऱ्या वेली

मंगळवार, १४ ऑक्टोबर. श्रूजबरी, इंग्लंड.

ईशाचा शाळेचा प्रोजेक्ट संपला एकदाचा. राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं, उत्तर इंग्लंडच्या खेड्यातलं घर, पुठ्ठ्याचं. शेवटी त्याच्या उंबऱ्यावर खडूने वेली काढत बसली. "आई, तिथल्या बायका एव्हरी मॉर्निंग पायरी धुऊन हे करायच्या!"

सासूबाई शेजारीच होत्या. जूनमध्ये नागपूरहून आल्या आणि दुसऱ्याच दिवशी दारात रांगोळी काढली. मी घाईघाईने पाइप लावून धुतली. म्हटलं, "आई, इथे शेजाऱ्यांना चालत नाही." मग रांगोळीचं स्टिकर मागवून चिकटवलं. तेव्हापासून रोज सकाळी त्या ते स्टिकर ओल्या फडक्याने पुसतात. का पुसतात, कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

ईशाने खडू पुढे केला. "आजी, तू काढ ना. तुला येतं?"

त्यांनी खडू हातात घेतला, थोडा वेळ धरला, परत दिला.

"येतं गं. पण इथे शेजाऱ्यांना चालत नाही."

पुठ्ठ्याच्या घराला कुठले आलेत शेजारी! आमच्या शेजाऱ्यांनीही कधी काही म्हटलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं. मी डिशवॉशर लावायला उठले.