आज्यांच्या पाण्यातले ओबुन्जागी

४ एप्रिल
सासूबाई आज पुन्हा बुडी मारून खोल खडकावर गेल्या! वय एक्क्याऐंशी, हृदयाचं ते तसं! वर आल्यावर कोंडलेला श्वास सोडताना आम्हा बुडी मारणाऱ्या बायकांची वाजते ती शीळसुद्धा नीट फुटली नाही त्यांची. शेकोटीपाशी मी भांडले. "आई, डॉक्टर काय म्हणाले?" तर म्हणे, "आज्यांच्या पाण्यात आता काय दगड चाटू?"

६ एप्रिल
तसं खोटं नाही म्हणा. सत्तरी ओलांडलेल्या आज्यांसाठी राखून ठेवलेलं ते किनाऱ्यालगतचं उथळ पाणी— तिथले खडक पांढरेफटक पडलेत. शेवाळाचा पत्ता नाही, मग ते खाऊन जगणारे ओबुन्जागी शिंपले कुठून असणार! मी लग्न होऊन आले तेव्हा कुठलाही दगड उलटावा, अंड्याएवढे दोन-चार शिंपले त्याच्या पोटाखाली अंग चोरून बसलेले. दगड परत होता तसा ठेवायचा, हे मला त्यांनीच शिकवलं. एकदा विसरले तर चारचौघींत झापलं होतं.

खोल पाण्यात त्यांचं काही बरंवाईट झालं तर? झोप लागत नाही.

१० एप्रिल
केलं एकदाचं! खोल खडकावरून आणलेले तीस ओबुन्जागी पहाटे ओहोटीला आज्यांच्या दगडांखाली ठेवून आले. मला साठही नाहीत, तिथे पाऊल टाकायची सोय नाही. कळलं तर बायका फाडून खातील. खाऊ देत.

११ एप्रिल
पाच मिळाले त्यांना! एका अंगणात आमच्या चुली वेगळ्या, तरी वाटीभर रस्सा घेऊन आल्या. "खा गं. परत आलेत ते." केवढ्या हसत होत्या! मला रडू आवरेना.

१५ एप्रिल
अजून पंधरा ठेवले.

१७ एप्रिल
चार दिवस त्यांची जाळी रिकामीच. पण चेहरा खुशीत. विचारलं तर, "लहान आहेत गं, राहू देत." सासूबाई उथळ पाण्यात आहेत ना, मग झालं.

२० एप्रिल
सासूबाई गेल्या. खोल खडकापाशी सापडल्या.
त्यांच्या जोडीच्या मल्सुनकाकू रडत म्हणाल्या, "ऐकते का माझं! 'इथे खायला काही नाही, उपाशी मरतील बिचारे' म्हणायची, नि आज्यांच्या पाण्यातले ओबुन्जागी रोज चार-पाच उचलून खोल खडकावर सोडायला जायची."
ते मी आणले होते, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.