आपोआप आवळणारे ब्रेक

२० एप्रिल १९७५, रविवार
संकल्प: आजपासून रोज लिहायचं. ११ मेला महादेवीच्या भाचीचं लग्न, मंगळवेढ्याला. महादेवी माझ्या मोटारीत, माझ्या शेजारी बसून जाणार. ही माझी बायको दोन वर्षं गाडीत बसलेली नाही. कारण क्षुल्लक. मागच्या खेपेला तिला देवळापाशी उतरवायचं होतं, गाडी रसवंतीपाशी थांबली. रसवंतीच्या आत. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं: थांब म्हटलं तिथं थांबायला लागली की सांगा, तोवर एस.टी. बरी.

२२ एप्रिल
दोष गाडीचा नाही. अठ्ठेचाळीस सालची अमेरिकन मोटार. ब्रेक ढिले पडले की चाकाशी आडवं होऊन हाताने आवळायचे. मला आडवं होणं जमतं, उठणं जमत नाही. पण उपाय मिळाला! खाजाभाई मेकॅनिकच्या भंगारात चौसष्टच्या एका गाडीचे सेल्फ-अॅडजस्टिंग ब्रेक आहेत. गाडी रिव्हर्स घ्यायची, ब्रेक दाबायचा, चाकाच्या ड्रमच्या आत दातेरी चक्र एक दाता सरकतं, ब्रेक आपोआप आवळतात. खाजाभाई म्हणाला, साब, मी बसवतो, डाव्या-उजव्या स्क्रूचे आटे येगळे असतेत. मी म्हटलं, अक्कलकोट रोडला चादरींचे चोवीस माग सांभाळतो मी, चार चाकांचं काय घेऊन बसलास! त्याने भाग काढून दिले.

२७ एप्रिल
बसवले! ड्रमची मापं जमवून घेतली. गाडीसमोर ताठ उभं राहून डावं कुठलं, उजवं कुठलं ते आधी पक्कं केलं, मगच हात घातला. पद्धतशीर काम म्हणतात ते हे.

२८ एप्रिल, सकाळी सहा
गल्लीतून रिव्हर्स. दहा वेळा. ब्रेक किंचित ढिले वाटले. नवीन आहेत, बसायला वेळ लागणारच.

२९ एप्रिल
वीस वेळा. पेडल आणखी खाली जातंय. सुरुवातीला असं होतं. कुठे वाचलं ते आठवत नाही, पण होतं.

१ मे
सुट्टी. चाळीस वेळा. मान आखडली. गल्लीतल्या लोकांना आता फक्त आरशातून ओळखतो. पेडल पार तळाला टेकलं. म्हणजे आणखी खाली जायला जागाच नाही. इथून पुढे सुधारणाच!

२ मे
समोरच्या बजाबाईंनी रस्त्यात खाटेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. खाट गाडीच्या मागे होती. आता खाली आहे. बजाबाई म्हणाल्या, आवं, तुमच्या गाडीला म्होरलं त्वांड न्हाय का? रोज पाठीकडनंच का येताय? शास्त्र समजावून सांगितलं. ऐकून घेतलं नाही. महादेवीने आमच्या घरच्या कुरडया त्यांना नेऊन दिल्या आणि मंगळवेढ्याच्या एस.टी.चं टायमिंग विचारून आली. फार लागलं मनाला.

४ मे
खाजाभाईने ड्रम उघडले आणि हसत हसत जमिनीवरच बसला. विचारतो, साब, डावा हात कुणाचा धरला? तुमचा का गाडीचा? मी गाडीकडे तोंड करून उभा होतो, त्यामुळे माझं डावं ते गाडीचं उजवं. एवढीच गोष्ट. सगळे आटे उलटे, त्यामुळे सत्तर वेळा ब्रेक आवळायला गेलो आणि सत्तर वेळा ढिले केले. खाजाभाई म्हणाला, लई मेहनतीनं बिघडीवलंत की! त्याने अदलाबदल करून दिली आणि बजावलं, धा-बारा डाव रिव्हर्स मारा, मग हात जोडा, जास्त नको. माणूस चांगला आहे, पण दृष्टी छोटी.

९ मे
यश!! बारा वेळा मारून झालं. पेडल वर, घट्ट. महादेवीला दारात उभं केलं आणि गल्लीच्या टोकापासून सुसाट आलो. तिच्या पायापासून वीतभर अंतरावर गाडी गप्प उभी! ती हसली. मनापासून हसली. म्हणाली, बरं बाई, बसते. मला रडू आलं, घाम म्हणून पुसलं.

१० मे, दुपार
इतक्या मोठ्या दिवसासाठी बारा वेळा पुरतात का? खबरदारी म्हणून आणखी नव्वद. बजाबाई नव्या खाटेपुढे काठी घेऊन उभ्या. ड्रम इतके तापले की बोटाला फोड आला. तापले म्हणजे काम करताहेत.

११ मे, सकाळी साडेसहा
महादेवी बसली! इरकल नेसून, गजरा माळून, माझ्या शेजारी! बजाबाईंनी ओवाळलं. मी ऐटीत क्लच सोडला. गाडी हलली नाही. दोनदा, पाचदा, शेवटी सगळ्या गल्लीने ढकलली. हूं नाही की चूं नाही. खाजाभाईला बोलावलं. तापून फुगलेल्या ड्रममध्ये ब्रेक आवळत गेले, रात्री ड्रम थंड झाले आणि आतून चारही चाकं पकडून बसले. महादेवी अर्धा तास गाडीतच बसून होती. मग पिशवी उचलली, दार उघडलं आणि म्हणाली, थांबते मात्र छान.

त्याच दिवशी, मंगळवेढा स्टँड
तिला खिडकीची जागा मिळाली. मी उभा. वाटेत अचानक म्हैस आडवी आली. ड्रायव्हरने तोंडातली बिडीसुद्धा न काढता ब्रेक दाबला. बस अलगद थांबली. महादेवीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी तिकीट वाचत होतो.